टबातल्या माशांचा हिवाळा

थंड देशांत तळ्यावर बर्फ साचतो, तरी खालचे मासे जगतात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. ते तळाशी बसते, बर्फ वर तरंगतो. मुंबईवर ही वेळ येत नाही. सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, तोही २२ जानेवारी १९६२ चा. मग बोरिवली-मुलुंडच्या गच्चीवर, कमळाच्या टबातले गप्पी मासे जानेवारीत का दगावतात?

दोष थंडीला दिला जातो. पण अनेकदा मासा मरतो तो आपल्या मायेने. माशाचे शरीर भोवतीच्या पाण्याइतकेच गार होते. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या उबदार पाण्यातला. टबातले थोडे पाणी रात्रीत निवते आणि त्याचे पचन मंदावते. रोजच्याइतके खाद्य टाकले, तर उरलेले कुजून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो.

म्हणून थंडीत खाद्य निम्मे करावे, तेही दुपारी द्यावे. पाणी एकदम न बदलता चौथा हिस्साच बदलावा. नळाचे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवावे. त्यातला क्लोरीन बराचसा उडतो आणि पाणी टबातल्या पाण्याइतके होते. अंगावर पांढरे ठिपके दिसलेला मासा लगेच वेगळा ठेवावा.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. गप्पी डासांच्या अळ्या खातो. मासे गेलेला टब तसाच राहिला, तर तिथे डेंग्यूचा डास अंडी घालतो.