दैत्यांचे पतन आणि भाबडे पुरोगामित्व

तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेले ‘दैत्यांचे पतन’ हे साल्वातोर रोझाचे १६६३ सालचे चित्र. ऑलिंपसची सत्ता उलथून टाकण्यासाठी पर्वतावर पर्वत रचणारे पृथ्वीपुत्र दैत्य ज्युपिटरच्या वज्राघाताने कोसळतात आणि शिळांखाली चिरडले जातात, हा ग्रीक पुराणातील प्रसंग त्यात आहे. ‘बंडाचा शेवट विनाशातच’ असा बोध त्यातून काढणे प्रस्थापितांना सोयीचे आहे. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडील काही मित्र रोझालाच क्रांतिकारक ठरवतात: १६४७ च्या नेपल्सच्या उठावात तो मासानिएल्लोच्या बाजूने लढला, सबब हे चित्र म्हणजे पराभूत जनतेचा विलाप! या दोन्ही भूमिका त्याज्य आहेत.

वस्तुस्थिती अशी की, उठाव झाला तेव्हा रोझा नेपल्समध्ये नव्हताच. तो फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाला होता. त्याच्या तलवारीची कथा अठराव्या शतकात दे दोमिनिची या चरित्रकाराने रचली आणि १८२४ मध्ये लेडी मॉर्गन यांच्या चरित्रग्रंथाने ती सर्वदूर नेली. या कथेने नुकसान कोणाचे झाले? स्पेनच्या राजप्रतिनिधीने फळांवर कर लादला, तो गरिबांच्या पोटावर बसला, आणि मासळी विकणारा सत्तावीस वर्षांचा मासानिएल्लो ७ जुलैला उठला. १६ जुलैला त्याचा खून झाला. या दहा दिवसांचे श्रेय बाजारातील माणसांचे आहे. त्यात चित्रकाराला घुसडणे म्हणजे कोळ्याची कमाई कलावंताच्या नावे जमा करणे होय. वरकड श्रमाचे अपहरण आपण कारखान्यात ओळखतो; ते इतिहासातही ओळखायला नको काय?

आता चित्राकडे वळू. उंच चढलेल्याचे पतन अधिक दारुण, या आशयाचे लॅटिन वचन रोझाने त्यावर कोरले आहे. ते क्लॉडियन या कवीचे; आणि मूळ काव्यात त्याचा रोख कोणा बंडखोरावर नव्हे, तर रुफिनस नावाच्या लोभी, जुलमी मंत्र्यावर आहे! म्हणजे बंडखोरांना धाक घालण्यासाठी ज्यांना हे चित्र हवे आहे, त्यांच्यावरच हे वचन उलटते. तरीही त्यावरून रोझाला समाजवादी ठरवण्याचा मोह टाळावा. वचनाचा उगम हा पुरावा आहे, चित्रकाराचे मन नव्हे.

खरे तर पुराणकथेलाच अधिक नेमका प्रश्न विचारता येतो. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रंथानुसार, आपले थोरले पुत्र टायटन यांची जी गत झाली तिच्या संतापातून पृथ्वीने दैत्यांना जन्म दिला. म्हणजे बंडाला कारण होते. शिवाय मर्त्य मानवाचे साहाय्य घेतल्याखेरीज दैत्य मरणार नाहीत, अशी भविष्यवाणी असल्याने देवांना हेराक्लीसला बोलवावे लागले. देवांचे सिंहासनही अखेर मर्त्याच्या हातांनीच टिकले!

सत्ताधाऱ्यांच्या बळाचे रहस्य असे त्यांच्याच कथांत सापडते. कार्यकर्त्यांनी ते अभ्यासवर्गात उलगडून दाखवावे. असत्याचा आधार प्रतिगाम्यांना लागतो. आपली बाजू न्यायाची असेल, तर तिला खोट्या हुतात्म्यांची गरज नाही.