स्लाइट की प्लेंटी?

न्यूयॉर्कला प्रोजेक्टवर आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात तीन गोष्टी शोधतो. परवडणारी रूम, आपला किराणा आणि जॅक्सन हाइट्सचा डोसा. दुसऱ्या महिन्यात त्याला डोशाचा कंटाळा येतो आणि तो थाय, मेक्सिकन असं करत फिरायला लागतो. अशा तमाम भटक्या जिभांसाठी या आठवड्याचा पत्ता आहे क्वीन्समधलं रिचमंड हिल आणि तिथली लिबर्टी अ‍ॅव्हेन्यू.

'ए' ट्रेन पकडायची. ती लेफर्ट्स बुलेवार्डचीच आहे ना, हे आधी बघायचं, नाहीतर थेट समुद्रकिनारी रॉकअवेला पोचाल! शेवटच्या स्टेशनवर जिना उतरलात की डोक्यावर धडधडती लोकल आणि खाली साड्यांची दुकानं, सोनार, रमची दुकानं, हलाल चिकन, पूजेचं सामान. पाट्यांवर 'परसॉड' दिसतं. जरा मोठ्यानं वाचा, 'प्रसाद' ऐकू येईल. 2021 मध्ये इथल्या चौकाला 'लिटल गयाना अ‍ॅव्हेन्यू' असं जोडनावही मिळालं. गयाना आणि त्रिनिदादहून आलेल्या मंडळींचं हे न्यूयॉर्कमधलं हक्काचं गाव.

शुक्रवारी रात्री आठनंतर इथल्या कुठल्याही रोटी शॉपमध्ये शिरा. पुढे काउंटर, मागे टेबलं, कोपऱ्यात बार. स्पीकरवर चटनी-सोका. म्हणजे ढोलक, धनताल, भोजपुरी शब्द आणि खाली कार्निव्हलचा बीट. एका टेबलावर बर्थडे, दुसऱ्यावर क्रिकेटवरून भांडण, मध्येच एक आजी खुर्ची सरकवून नाचायला उठतात आणि कुणालाही त्याचं नवल वाटत नाही. याला इथे 'लायमिंग' म्हणतात. आपल्या भाषेत टाइमपास, फक्त त्याला अजिबात गिल्ट नाही.

सुरुवात डबल्सनं करायची. हळद घातलेल्या मऊ मैद्याचे दोन तळलेले 'बारा', त्यावर पातळसर चणे, चिंचेची चटणी, काकडी आणि मिरचीचा सॉस. त्रिनिदादमध्ये 1930 च्या दशकात हातगाड्यांवर जन्मलेला हा पदार्थ म्हणजे तिथला वडापाव समजा. गर्दीत उभ्यानं खायचा आणि हात चाटायचे. काउंटरवरून प्रश्न येईल, "स्लाइट, मीडियम ऑर प्लेंटी?" तो तिखटाचा हिशेब आहे. ही मिरची स्कॉच बॉनेटच्या भावकीतली. आधी फळासारखा गोडसर वास देते आणि मग कानशिलं पेटवते. ठेच्यावर वाढलेल्यांनीसुद्धा पहिल्यांदा 'स्लाइट'च म्हणावं.

मग रोटी. इथेच आमच्या टेबलावर खटका उडाला. सोबतचा कोल्हापूरचा कलीग म्हणाला, "ही कसली रोटी? हिच्यात तर डाळ भरलीय!" तिचं नाव धालपुरी. पिवळे वाटाणे हळदीत शिजवायचे, कोरडे वाटायचे, त्यात भाजलेलं जिरं आणि लसूण घालायचं, कणकेत भरून पातळ लाटायचं आणि तव्यावर भाजायचं. पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच की! तिच्यात गोट करी किंवा चिकन करी गुंडाळून देतात. दुसरी 'बसअपशट', म्हणजे 'बस्टेड-अप शर्ट'. तव्यावरच लाकडी उलथन्यांनी बडवून बडवून फाटक्या शर्टासारख्या चिंध्या केलेला पराठा. रश्शात बुडवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

"पण हे ऑथेंटिक इंडियन नाहीये," कलीगचा शेवटचा मुद्दा. बरोबर आहे. नाहीचए.

शेजारच्या टेबलावरचे सत्तरीतले काका बहुधा हे सगळं ऐकत होते. "यू फ्रॉम इंडिया-इंडिया?" त्यांनी विचारलं. मग सांगितलं की त्यांच्या पणजीच्या इमिग्रेशन पासची झेरॉक्स घरी आहे. तिचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा बस्ती, उंची आणि कपाळावरची खूण, इतकं सगळं त्यावर लिहिलंय. पण गावाचं स्पेलिंग नकाशातल्या कुठल्याच नावाशी जुळत नाही. "बस्ती, यू नो इट?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी डोंबिवलीचा, हा कोल्हापूरचा. बस्ती राहिलं उत्तर प्रदेशात, दोघांनीही पाहिलेलं नाही. "नाही काका," एवढंच म्हणता आलं.

गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना ऊस तोडायला स्वस्तातली माणसं हवी होती. 1838 मध्ये पहिली दोन जहाजं गयानाला पोचली, 30 मे 1845 ला 'फतेल रझाक' त्रिनिदादला. 1917 मध्ये ही भरती थांबेपर्यंत गयानात साधारण 2 लाख 40 हजार आणि त्रिनिदादला 1 लाख 44 हजार माणसं उतरली. करार पाच वर्षांचा, पण परत न गेलेलेच जास्त. बहुतेक जण भोजपुरी आणि अवधी मुलखातले, कलकत्त्याहून चढलेले. पुढच्या पिढ्यांच्या बोलण्यातून भाषा हळूहळू गेली. स्वयंपाकघरातली मात्र हलली नाही. तवा, बेलना, चौकी, लोटा, कलछुल हे शब्द आजही तेच. फोडणी देणं म्हणजे 'चंके'. वांग्याचं भरीत म्हणजे 'बैंगन चोखा'. 'भाजी' म्हणजे फक्त पालेभाजी. जे मिळालं नाही त्याची जागा तिथल्या मातीनं घेतली. कोथिंबिरीऐवजी करवती कडांची चॅडन बेनी आली आणि तिलाही जुन्या लोकांनी नाव दिलं 'बनधनिया'.

म्हणून 'ऑथेंटिक'चा दाखला देण्याचा मान आपल्याकडे येत नाही. हे बिघडलेलं इंडियन जेवण नव्हे. घराशी संपर्क तुटलेल्या लोकांनी आठवणीवर उभं केलेलं, आफ्रिकन, चिनी शेजाऱ्यांचं घेत वाढवलेलं हे त्यांचं स्वतःचं जेवण आहे. आपण इथे परीक्षक नाही, पाहुणे आहोत. पाहुण्यासारखं खाल्लं की चवही जास्त लागते. कलीगनं दुसरी धालपुरी मागवली तेव्हा 'ऑथेंटिक' हा शब्द टेबलावरून गायब झाला होता.

प्यायला सोरेल मागवा. गडद लाल, आलं-लवंग घातलेलं आंबटगोड सरबत. ही आपल्या लाल अंबाडीची बोंडं बरं का! कडू चालत असेल तर झाडाच्या सालीचं मॉबी. रम आहेच, पण ट्रेन तासाभराची आहे हे लक्षात ठेवा.

आणि गप्पांना विषय हवा असेल तर एकच शब्द, गावसकर. 1971 च्या दौऱ्यातल्या चार टेस्टमधल्या 774 धावांवर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरनं चक्क कॅलिप्सो रचलं. आणि आपल्या सनीनं मुलाचं नाव रोहन ठेवलं ते गयानाच्या रोहन कन्हायवरून. काकांना हे दोन्ही पाठ होतं. पुढचा अर्धा तास बस्तीचा विषय निघाला नाही, वाडेकर, सरदेसाई आणि सोबर्सच निघाले.

जाताना: रोख पैसे जवळ ठेवा, छोट्या दुकानांत सोयीचं पडतं. दोघांत एक धालपुरी, एक बसअपशट आणि डबल्सची जोडी पुरे. वरून कच्च्या कैरीचं 'कुचेला' मागून घ्या, लोणच्याशिवाय आपलं जेवण होत नाही. आणि चटनी-सोका सुरू झाल्यावर एखाद्या आजींनी हात धरून उठवलं, तर "मला नाचता येत नाही" हे कारण इथे चालत नाही.