कॉलेजांत जागा मिळाली, पण राहावयाचें कोठें ?

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागल्या, कीं खेड्यापाड्यांतील बाप मंडळी पोरांस घेऊन पुण्यास, कोल्हापुरास, नागपुरास उतरूं लागतात. कोणतें कॉलेज, कोणती शाखा, फी किती, याची चौकशी चार महिने चाललेली असते. पण पोरगा रात्रीं पाठ कोठें टेकणार, हें मात्र एस. टी. स्टँडवर पेटी उतरवल्यावर आठवतें. मग दोन वाटा दिसतात : कॉलेजच्या आवारांतील वसतिगृह, किंवा बाहेर भाड्याची खोली. यांतून कोणती धरावी, याविषयीं आमचें मत आज आम्ही उघडपणें सांगणार आहों.

ज्याचा मामा सदाशिव पेठेंत आणि आत्या दादरास, त्यास हा प्रश्न कधींच पडला नाहीं. त्याचें वसतिगृह जन्मापासूनच बांधून तयार असतें. प्रश्न आहे तो ज्याचें शहरांत कोणी नाहीं त्याचा. शाहू छत्रपतींनीं ही मेख बरोबर ओळखली होती. १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाचीं बोर्डिंगें उभीं राहिलीं. १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात तें उगाच नव्हे. पुढें कर्मवीर भाऊरावांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें बोर्डिंग एकत्र चालविलें. त्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडलें. छप्पर आणि भाकरी यांवांचून शिक्षण ही थट्टा आहे, हें त्या माणसांस कळलें होतें.

आतां हिशेब पाहूं. खोली स्वस्त पडते, असें पुष्कळ पालक समजतात. समजा, तिघांत मिळून घेतलेल्या खोलीचा वांटा महिना तीन हजार आला. बाप म्हणतो, दहा महिन्यांचे तीस हजार. पण करार अकरा महिन्यांचा असतो. सुटींत खोली रिकामी राहिली तरी भाडें चुकत नाहीं. त्यावर अनामत, दलालाची दलाली, वीजबिल, मेसचा डबा, बसचा पास, गादी, बादली आणि गॅस. दिवाळीनंतर एक सोबती शिक्षण सोडून गेला, कीं त्याचा वांटाही उरलेल्या दोघांच्या डोक्यावर. हे सर्व आंकडे कागदावर मांडावे आणि मगच वसतिगृहाच्या फीशीं तुलना करावी. पैशाहूनही महाग पडतो तो वेळ. पाणी भरण्यांत, स्वयंपाकांत आणि बसच्या रांगेंत गेलेला तास परीक्षेच्या वेळीं कोणीही परत देत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलावयास लोक लाजतात. खोली दाखविण्यापूर्वीं घरमालक आडनांव विचारतो. आडनांव ऐकलें, कीं कालपर्यंत रिकामी असलेली खोली आज "दिली गेली" होते. हें फक्त वरचे म्हणविणारे करतात असें नाहीं. आमच्याच बहुजन समाजांतील, कालपरवां शहरांत दोन मजले चढविलेला घरमालकही खालच्या पायरीवरच्या पोराशीं तसाच वागतो. ज्यांचे आजे बोर्डिंगच्या भाकरीवर शिकले, त्यांच्या नातवांनीं दाराशीं जात विचारावी, यापरतें लाजिरवाणें काय असावें ?

वसतिगृहें म्हणजे स्वर्ग, असें आम्ही म्हणत नाहीं. कोठें डाळीचें पाणी असतें, कोठें वीस जणांत एक न्हाणी. मुलांवर पहारा सैल आणि मुलींवर मात्र कडक, हाही अन्यायच. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ सालापासून कायदा आहे. पण तक्रार करण्याचें धैर्य नव्या पोरास त्याच्या बापानेंच दिलें पाहिजे. तरीही वाचनालय हाकेवर, अडलेलें गणित सांगणारा वरच्या वर्गांतील मुलगा शेजारच्या खोलींत, आणि ताप आला तर पाणी देणारा कोणीतरी जवळ. पहिल्यानेंच गांव सोडलेल्या पोरास याचें मोल फार मोठें आहे.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें, कीं पहिलें वर्ष तरी वसतिगृहांतच काढावें. शहर कळलें, पारखलेले दोनतीन सोबती मिळाले, म्हणजे पुढें वाटल्यास बाहेर राहावें. ज्यास रात्रपाळी करून शिकावयाचें आहे, त्यास वसतिगृहाच्या दाराची वेळ जमणार नाहीं; त्यानें आधींच खोली पाहावी, पण कॉलेजास पायीं जातां येईल अशी.

खोली घेणारानें कायदा ध्यानांत ठेवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदविला नसेल, तर अटींविषयीं भाडेकऱ्याचें म्हणणें खरें धरलें जातें. उलट सिद्ध करणें मालकाकडे. अनामतीची पावती घेतल्यावांचून किल्ली घेऊं नये. सरकारी वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. इतर मागासवर्ग व भटक्या विमुक्तांसाठीं सावित्रीबाई फुले यांच्या नांवाची आधार योजना आहे. अर्जाची मुदत टळूं देऊं नये.

परंतु स्वाधारमध्यें पुण्यामुंबईसारख्या शहरांकरितां वर्षाचे ६० हजार ठरले, त्यांत राहण्याचे अवघे २० हजार. तेवढ्यांत पुण्यांत वर्षभर कोणती खोली मिळते, हें योजना आंखणारांनीं एकदां स्वतः हिंडून पाहावें. २०२४-२५ पासून कांहीं प्रवर्गांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारनें माफ केली, याचें आम्ही स्वागतच करतों. पण फी माफ झालेली मुलगी छपरावांचून घरीं परतली, तर त्या माफीचा उपयोग काय ?

शेवटीं आमच्या लोकांसही दोन शब्द. गांवोगांव मंगल कार्यालयें उठलीं, वरातींत लाखांचा धूर होतो. तालुक्याच्या गांवीं मुलींचें एक वसतिगृह काढावयाचें म्हटलें, कीं वर्गणी निघत नाहीं. शाहू छत्रपतींच्या जयंतीस हार घालणें सोपें आहे. ज्याच्या घरांत खोली रिकामी आहे त्यानें ती आडनांव न विचारतां एका गरीब विद्यार्थ्यास द्यावी. तो हार महाराजांस अधिक आवडेल.