मनोरे कापण्यापूर्वी

जुन्या मोटारीचे पुढचे सस्पेन्शन जीर्ण झाले म्हणजे तिच्या मालकापुढे दोन मार्ग उभे राहतात : कारखान्याने दिलेली रचनाच नवे बुश, नवे बॉल जॉइंट आणि नव्या स्प्रिंगा घालून पुनश्च सिद्ध करावी, किंवा ती समूळ काढून टाकून तिच्या जागी बाहेरच्या एखाद्या उत्पादकाने अलीकडच्या ज्ञानानुसार घडवलेला संच बसवावा. हा प्रश्न सामान्यतः सुखाचा आणि खर्चाचा समजला जातो. माझ्या मते तो प्रथमतः जतनाचा आहे, आणि नवी वस्तू किती गुणवान आहे याची चौकशी करण्याआधी ती बसवण्यासाठी केलेला बदल पुढे कधी मागे घेता येईल काय, हे विचारले गेले पाहिजे.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील फोर्ड मस्टँगचे आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांपुढे आलेल्या या मोटारीच्या देखण्या रूपाखालची यंत्ररचना बव्हंशी फोर्डच्याच फाल्कन या साध्या घरगुती मोटारीवरून घेतलेली होती. तिची पुढची स्प्रिंग वरच्या आर्मच्याही वर बसते, आणि त्या स्प्रिंगेचा सारा भार इंजिनाच्या दोन्ही अंगांस उभारलेल्या पत्र्याच्या मनोऱ्यांवर येतो; हे मनोरे बॉडीचाच अविभाज्य भाग असल्यामुळे वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांनी त्यांना चिरा जातात, ते आतल्या बाजूस झुकतात, आणि मग चाकांचे कोन कितीही वेळा जुळवले तरी ते टिकत नाहीत. हा दोष फोर्डलाही अज्ञात नव्हता, कारण खराब रस्त्यांच्या देशांत पाठवायच्या गाड्यांसाठी मनोऱ्यांना मागच्या पडद्याशी बांधणारा जो एकसंध आधार कंपनीने दिला, तो आजही ‘एक्स्पोर्ट ब्रेस’ याच नावाने विकला जातो.

पुढे १९७४ सालच्या मस्टँग टू या लहान गाडीत फोर्डने स्प्रिंग खाली, दोन आर्मांच्या मध्ये आणली व स्टीअरिंगही रॅक-पिनियन पद्धतीचे केले. ही आटोपशीर रचना हौशी लोकांना इतकी पसंत पडली की बाहेरच्या उत्पादकांनी तिच्याच धर्तीवर संच काढले आणि ते १९६४-६५ च्या मस्टँगलाही बसू लागले. त्यांचे लाभ खरे आहेत : मोठे इंजिन मावते, स्पार्क प्लगपर्यंत हात सहज पोचतो, स्टीअरिंग नेमके होते. परंतु त्यासाठी बहुधा मूळचे मनोरे कापावे लागतात, नवी आडवी तुळई वेल्डिंगने जोडावी लागते, आणि जो भार मनोऱ्यांनी वाहावा अशी योजना होती तो पुढच्या पोकळ तुळयांवर येऊन पडतो, ज्या त्या कामासाठी मुळात आखलेल्याच नव्हत्या. एकदा कापलेला मनोरा पुन्हा जोडता येतो, पण तो मूळचा राहत नाही.

मूळ रचनेवर जे दोषारोप होतात त्यांतील बहुतेक, माझ्या पाहण्यात, तिच्या झिजेवर व्हायला हवेत. कडक झालेले रबरी बुश, खचलेल्या स्प्रिंगा, खुळखुळणारे बॉल जॉइंट अशा स्थितीत ती गाडी रस्त्यावर डुलू लागली तर दोष रचनाकाराचा नव्हे. शिवाय त्या काळचे अलाइनमेंटचे आकडे जुन्या बायस-प्लाय टायरांसाठी ठरवलेले होते, आणि रेडियल टायर घालूनही गॅरेजवाला तेच आकडे ठेवील तर कोणतीही मोटार सरळ चालण्यास नाखूष राहील. कॅस्टर वाढवण्याच्या एका तासाच्या कामाने जी सुधारणा होते ती कित्येकांना नव्या संचाचीच किमया वाटते. मूळ रचनेत किती सामर्थ्य दडलेले होते याचा पुरावा त्याच काळातला आहे. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांच्या कल्पनेनुसार कॅरोल शेल्बी यांच्या १९६५ च्या जीटी ३५० मध्ये वरच्या आर्मचा टेकू सुमारे एक इंच खाली घेतला गेला, ज्याला मनोऱ्यात काही नवी भोके पाडण्यापलीकडे विशेष काही करावे लागले नाही, आणि इतर काही बदलांच्या जोडीने तीच गाडी शर्यतीच्या मैदानास योग्य झाली.

याचा अर्थ बाहेरचा प्रत्येक भाग त्याज्य आहे असा मुळीच नाही. जुन्या मनोऱ्यांतच बोल्टांनी बसणारे नळीचे आर्म, उत्तम शॉकॲब्सॉर्बर, रोलर बेअरिंगवर फिरणारी स्प्रिंगेची बैठक हे सारे बसवावे, आणि काढलेले मूळ भाग तेल लावून जपून ठेवावेत. ज्या गाडीचे मनोरे गंजाने आधीच निकामी झाले आहेत तिच्या मालकास मी अडवणार नाही. जुन्या मोटारींची जागतिक संघटना ‘फिवा’ हिच्या तुरिन सनदेचाही आशय असाच आहे : बदल करावाच लागला तर तो शक्यतो उलटवता येण्याजोगा असावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर राहावेत.

आपल्याकडे हा विषय केवळ आवडीनिवडीचा उरलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार पन्नास वर्षांहून जुनी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवून घ्यायची तर ती मूळ स्वरूपात असली पाहिजे, आणि चॅसी, बॉडी शेल वा इंजिन यांत फेरफार झालेला असता कामा नये. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ पासून निघालेल्या फियाट ११०० डिलाइटचे पहिले नग या वयोमर्यादेत केव्हाच आले असून, त्या गाडीलाही स्वतंत्र चॅसी नाही. तिच्या पुढच्या भागावर गॅस कटर चालवणारा मालक आपल्या नोंदणीच्या हक्कावरच तो चालवीत असतो. व्याख्येत सस्पेन्शनचा नामनिर्देश नाही, त्यामुळे बोल्टाने बसवलेल्या भागाविषयी काय निर्णय द्यायचा हे तपासणी करणाऱ्या राज्य समितीच्या मर्जीवर राहते. परिवहन खात्याने एका परिपत्रकाने हा संदेह दूर करावा : जो भाग कापाकापी वा वेल्डिंग न करता काढता येतो आणि ज्याचा मूळ जोड मालक समितीपुढे हजर करू शकतो, तो नोंदणीच्या आड येऊ नये, आणि ज्यासाठी बॉडी कापली गेली, त्याला सूट मिळू नये.