खोकला नेमका कोणाचा?



तान्ह्या पोळ्याला आपल्या नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, तेव्हा आपण तिला ओरडून सांगतो की आमची दुखणी, आमचा खोकला घेऊन जा. कोणता खोकला, कशामुळे झाला, हे मारबत बिचारी विचारत नाही. डॉक्टरांना मात्र विचारावंच लागतं, बरं का!

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे काका खूप दिवस खोकत होते. औषधाच्या दुकानातून त्यांनी आपल्याच मनानं अँटिबायोटिक आणलं. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा खोकला सुरू. मग दुसरं आणलं. वजन उतरलं, संध्याकाळचा ताप येऊ लागला. शेवटी थुंकी तपासली, तर निघाला क्षयरोग! काही अँटिबायोटिकांनी क्षयाचे जंतू थोडे दबतात, पण पुरते मरत नाहीत. माणसाला वाटतं आपण बरे झालो, आणि तपासणी लांबते. तोवर घरातल्या इतरांनाही लागण होऊ शकते.

हे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधले. सूक्ष्मदर्शकातून ते दिसतात, पण थुंकीत कमी असले तर निसटतात. आणि दिसले तरी कोणत्या औषधानं मरतील हे काही त्यांच्या तोंडावर लिहिलेलं नसतं! त्यासाठी ते प्रयोगशाळेत वाढवून, त्यांच्यावर औषध घालून पाहावं लागतं. याला कल्चर म्हणतात. त्यात कित्येक आठवडे जातात.

"बाई, इतके दिवस काहून लागतात?" एकानं विचारलंच. तर ऐका. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू चांगलं खायला-प्यायला मिळालं, की साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ २० तास लागतात. असा हा आळशी! तोवर डॉक्टरांनी औषध द्यायचं ते अंदाजानं. अंदाज चुकला तर?

यावर एक उपाय आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झाला. 'ट्रूनॅट' नावाचं हे छोटं यंत्र बॅटरीवर चालतं, म्हणजे वीज गेली तरी काम थांबत नाही. ते जंतू वाढायची वाटच पाहत नाही. जंतूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा धरतं आणि त्याच्या प्रती काढत जातं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ... असं ३० वेळा केलं, की शंभर कोटींच्या वर! (मी हे मुलांना फळ्यावर करायला लावलं, तर फळा पुरेना.) साधारण तासाभरात क्षय आहे की नाही ते समजतं. असेल तर आणखी तासाभरात रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही समजतं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं या तपासणीची शिफारस केली. अर्थात यंत्राला जेवढं विचारू तेवढंच ते सांगतं. बाकीच्या काही औषधांसाठी कल्चर अजूनही करावं लागतंच.

काकांच्या जंतूंवर रिफाम्पिसिन लागू होतं. लगेच सहा महिन्यांचं औषध सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी लघवी संत्र्याच्या रंगाची! घरचे घाबरले, पण ती त्या लाल औषधाचीच करामत. रिफाम्पिसिन चालत नसतं, तर डॉक्टरांनी सुरुवातीलाच औषधं बदलली असती.

आईबाबांनो, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, औषधंही फुकट मिळतात.

आणि दोस्तांनो, आता वही काढा. २४ तासांत ई. कोलाय किती वेळा दुप्पट होईल, आणि क्षयाचा जंतू किती वेळा? उत्तर लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात ताडून पाहू!