नक्षीची बळजोरी

जुन्या इंग्रजी चांदीत ‘बेरी स्पून’ नावाचा चमचा फार मिरवतो. वाटीत उठावाची द्राक्षे, पेअर, स्ट्रॉबेरी, त्यांवर सोन्याचा मुलामा, दांड्यावर वेलबुट्टी. पाहणारा ‘वा!’ म्हणतो. मी म्हणतो, ही नक्षी नव्हे, बळजोरी आहे.

कारण यांतले पुष्कळ चमचे जन्माने असे नव्हतेच. ते अठराव्या शतकातले साधे जेवणाचे चमचे. १७६० च्या सुमारास रूढ झालेला ‘ओल्ड इंग्लिश’ घाट पाहा: गुळगुळीत दांडा, टोकाशी हलकेच मागे वळलेला, आणि लांबट अंडाकृती वाटी. सारे सौंदर्य त्या एका रेषेत. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत साधेपणाची लाज वाटू लागली. आजोबांचे चमचे कारागिराकडे गेले आणि ठोकून घेऊन, फळांनी लगडून परत आले.

मी नक्षीचा वैरी नाही. हेस्टर बेटमन या विधवेने नवऱ्यामागे धंदा सांभाळला आणि १७६१ मध्ये लंडनला स्वतःची मुद्रा नोंदवली. तिच्या कारखान्यातले ‘ब्राइट कट’ कोरीवकाम पाहावे. झिलईदार हत्याराने चांदी तिरपी कापलेली. प्रत्येक काप उजेडात लखलखतो. ती नक्षी वस्तूबरोबरच जन्मली आणि बेताने थांबली.

कैवारी सांगतात, फळांची नक्षीही आता शंभरी ओलांडून गेली, तोही इतिहासच. शिवाय मुलाम्यामुळे आंबट फळांपासून चांदी वाचते. मुलामा कबूल! पण त्यासाठी फळे कशाला ठोकायची? हौस होती तर नवे चमचे घडवायचे होते. अपराध जुना झाला म्हणून पुण्य ठरत नाही.

खरा प्रश्न सचोटीचा आहे. इंग्रजी चांदीवरचे शिक्के मोठे बोलके. चालता सिंह १५४४ पासूनचा, शुद्धतेची ग्वाही देणारा. सालाचे अक्षर लंडनला १४७८ पासून. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचे वा राणीचे मस्तक. पण हे शिक्के धातूची साक्ष देतात, मागून चढवलेल्या नक्षीबद्दल ते मुके. विकणारा अक्षर वाचून म्हणतो, ‘१७८० चा नक्षीदार चमचा!’ चांदी खरी, साल खरे, आणि वाक्य मात्र खोटे.

तेव्हा वाचकहो, असा चमचा हाती आलाच तर उलटा करून पाहा. पाठीवर ठोक्यांच्या खुणा सापडतील. आणि जे साधे राहिले आहेत, त्यांना तरी साधेच राहू द्या.