गणिताचा शेरा आणि सावेडीतली मुले

सावेडीत क्लासच्या पाट्या मोजायला बसले तर सकाळ जाईल. आठवीपासून फाउंडेशन, पुढे जेईई, नीट, सीईटी. नागापूर एमआयडीसी इथून जवळच. तिथल्या कंत्राटी कामगाराची मुले रोज या पाट्यांखालून शाळेत जातात, पण क्लासची फी घरात निघत नाही. गणिताची वाट इथेच फुटते. दहावीचा निकाल नंतर लागतो.

शेरा नेमका कसला?

दहावीला गणित आणि विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवर उत्तीर्ण करण्याची तरतूद राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात असल्याचे ऑक्टोबर 2024 मध्ये समोर आले. मात्र अशा गुणपत्रिकेवर शेरा येणार : गणित-विज्ञानावर आधारित पुढचे शिक्षण घेता येणार नाही. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षा. नापासाचा शिक्का जातो हे चांगलेच. पण हा शेरा जास्त करून कोणत्या घरांत जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. दुसरीकडे, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे. मुलगी प्रवेशापर्यंत पोहोचलीच नाही, तर माफी कुणाला मिळणार?

विद्यापीठाचा इथे काय संबंध?

गणिताच्या प्रसाराची परंपरा आपल्याकडे आहे. प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. मुंबई विद्यापीठातील प्रा. एस. कुमरेसन यांनी 1993 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘एमटीटीएस’ ही उन्हाळी शिबिरे सुरू केली. तिथे शिक्षक उत्तर सांगून मोकळे होत नाहीत, प्रश्न विचारत राहतात. ही कामे मोलाची. पण तिथवर पोहोचणारा विद्यार्थी गणितात आधीच टिकलेला असतो. सातवीत अपूर्णांकांवर अडलेल्या मुलापर्यंत कुणी जायचे?

अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात 1970 च्या दशकात उरी ट्राइझमन यांना हाच प्रश्न पडला. कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात का मागे पडतात? तयारी कमी, जिद्द कमी, घरचे लक्ष नाही, अशी ठरावीक उत्तरे मिळाली. प्रत्यक्ष पाहिल्यावर दिसले की ही मुले एकेकटी अभ्यास करतात, तर चिनी वंशाची मुले गटात बसून एकमेकांच्या चुका काढतात. मग कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांसाठी गट सुरू झाले. तिथे सोपी उजळणी नव्हती, उलट अवघड गणिते होती. निकाल बदलला. आपल्याकडचे ‘मागे पडलेल्यांसाठी जादा तास’ नेमके याच्या उलट चालतात : तीच उदाहरणे, फक्त हळू.

नगरमध्ये काय करता येईल?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे उपकेंद्र शहरात आहे, विज्ञान महाविद्यालये आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला समाजसहभागाचे श्रेयांक आहेत. ते मिळवायला बीएस्सीची मुले महापालिकेच्या शाळेत शनिवारी दोन तास का बसू नयेत? ‘कमवा व शिका’ योजनेत बागकाम, कार्यालयीन काम चालते. त्यात गणिताचा गट चालवणेही धरावे. शिकवणारा ताई-दादाच्या वयाचा असला की मुले ‘कळले नाही’ म्हणायला लाजत नाहीत. आणि हे मराठीत व्हावे, इंग्रजी शब्द हळूहळू आणत. अकरावीत ‘फंक्शन’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला की कल्पनेआधी शब्दच अडवतो. सेमी इंग्रजीने ही अडचण काही मुलांपुरतीच सुटली आहे.

सुरुवातीला निमित्तही आहे. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा होते. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातील, सरकारी वा अनुदानित शाळेतील निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. पेपरात गणित आहे, तर्कावरचे प्रश्नही आहेत. शाळा उघडल्यावर जूनमध्येच गट बसला, तर या परीक्षेपर्यंत हातात काही महिने राहतात.